डॅक्समध्ये दोन टेबलं जोडून ग्रुपिंग कसं करायचं: युनियन, ग्रुपबाय आणि करंटग्रुप

पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं टूल) आणि त्यातली डॅक्स ही फॉर्म्युल्यांची भाषा यांत थोडं काम केलेल्या जवळपास प्रत्येकावर ही वेळ येते. एकाच प्रकारचा डेटा दोन टेबलांत पडलेला असतो, तो एकत्र करून त्याची महिन्यानुसार किंवा विभागानुसार बेरीज हवी असते, म्हणून आपण युनियन (टेबलं एकाखाली एक जोडणारं फंक्शन) लावतो, ते टेबल व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव देऊन बाजूला, ठेवतो आणि मग त्यातल्या कॉलमवर साधं सम, म्हणजे बेरीज, लावायला जातो तर एरर. मग कोणीतरी सांगतं की समराइझ (ग्रुपांची यादी काढणारं फंक्शन) वापर, ते लावलं की एरर जाते पण प्रत्येक ओळीत तोच एक आकडा दिसायला लागतो. इथेच बहुतेक जण कंटाळून सोडून देतात. खरंतर त्यामागचं कारण एकदा कळलं की हा सगळा प्रकार फार सोपा आहे, म्हणून आज तेच अगदी पहिल्यापासून लिहितोय.

आधी दोन गोष्टी सांगतो. फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहिलीत, टाइप करताना ती इंग्रजी स्पेलिंगनेच आणि सलग टाइप करायची. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र खरोखर मराठीत ठेवता येतात, टेबलाचं नाव सिंगल कोट्समध्ये आणि कॉलमचं चौकोनी कंसात. व्हेरिएबलच्या नावाला ही सूट नाही, तिथे इंग्रजी अक्षरं आणि आकडेच चालतात, त्यामुळे खाली जिथे जिथे व्हार (व्हेरिएबल सुरू करणारा शब्द) दिसेल तिथलं नाव तुमच्याकडे इंग्रजी अक्षरांत लिहा. दुसरी गोष्ट व्हर्जनची. डॅक्स आली २०१० साली, एक्सेलच्या पॉवर पिव्हट ॲड-इनबरोबर, पण युनियन आणि ग्रुपबाय तेव्हा नव्हती, ती एक्सेल २०१६ आणि पॉवर बीआय डेस्कटॉपच्या वेळी आली. त्यामुळे जुन्या एक्सेलमध्ये ही फंक्शनं सापडली नाहीत तर तुमचं काही चुकत नाहीये.

उदाहरण म्हणून एक सपोर्ट डेस्क घेऊ. 'फोन तक्रारी' नावाचं एक टेबल आहे, 'ईमेल तक्रारी' नावाचं दुसरं. दोन्हीत तारीख, विभाग, ग्राहक आयडी आणि मिनिटं असे चार कॉलम, मिनिटं म्हणजे तक्रार सोडवायला लागलेला वेळ. शिवाय 'कॅलेंडर' आणि 'विभाग यादी' ही दोन डायमेन्शन टेबलं (ज्यांनुसार ग्रुप करायचे त्या तारखांची आणि विभागांची यादी) आहेत आणि तक्रारींची दोन्ही टेबलं या दोघांना रिलेशनशिपने जोडलेली आहेत.

युनियन खरंच लागतंय का?

हा प्रश्न आधी विचारा. तुम्हाला फक्त दोन्हींची मिळून बेरीज हवी असेल तर टेबलं जोडायची गरजच नाही. दोन्ही टेबलं एकाच कॅलेंडरला आणि एकाच विभाग यादीला जोडलेली आहेत ना, मग एक मेजर (रिपोर्टमध्ये वापरायचा फॉर्म्युला) लिहा ज्यात सम('फोन तक्रारी'[मिनिटं]) + सम('ईमेल तक्रारी'[मिनिटं]) एवढंच असेल, व्हिज्युअलमध्ये महिना आणि विभाग टाका, संपलं. हे सगळ्यात फास्ट चालतं, सगळ्यात कमी चुकतं आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणी उघडलं तरी त्याला कळतं. फोन आणि ईमेल शेजारी शेजारी हवे असतील तरी दोन मेजर पुरतात.

युनियन लागतं ते वेगळ्या कारणांसाठी. दोन्ही टेबलं मिळून किती वेगवेगळे ग्राहक आले ते मोजायचंय, कारण फोन करणारा आणि ईमेल करणारा ग्राहक तोच असू शकतो आणि तिथे दोन आकड्यांची बेरीज चुकते. किंवा सगळ्या तक्रारी एकत्र धरून सगळ्यात जास्त वेळ लागलेल्या १० काढायच्यात, किंवा आधी ग्रुप करून त्या ग्रुपांवर परत ग्रुप करायचाय. असं काही असेल तरच पुढे वाचण्यात फायदा.

युनियन जोडतं कसं

युनियन कॉलमच्या नावाकडे बघतच नाही, फक्त क्रम बघतं. पहिल्या टेबलाचा पहिला कॉलम दुसऱ्याच्या पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, आणि नावं पहिल्या टेबलाची लागतात. कॉलमांची संख्या जुळली नाही तर एरर येते आणि ती बरी, कारण लगेच कळतं. वाईट केस ही की संख्या जुळते पण क्रम वेगळा असतो. माझ्याकडे एकदा ईमेलच्या टेबलात ग्राहक आयडी आधी आणि विभाग नंतर होता, दोन्ही टेक्स्ट, त्यामुळे एरर काहीच नाही, रिपोर्ट झकास तयार झाला, आणि विभागांच्या यादीत खाली शेकडो ग्राहक आयडी! म्हणून टेबलं थेट युनियनमध्ये कधीच टाकू नका, दोन्ही बाजूंना सिलेक्टकॉलम्स लावून क्रम आणि नाव स्वतः ठरवा.

इव्हॅल्युएट
युनियन(
  सिलेक्टकॉलम्स('फोन तक्रारी',
    "विभाग", 'फोन तक्रारी'[विभाग],
    "ग्राहक", 'फोन तक्रारी'[ग्राहक आयडी],
    "मिनिटं", 'फोन तक्रारी'[मिनिटं]),
  सिलेक्टकॉलम्स('ईमेल तक्रारी',
    "विभाग", 'ईमेल तक्रारी'[विभाग],
    "ग्राहक", 'ईमेल तक्रारी'[ग्राहक आयडी],
    "मिनिटं", 'ईमेल तक्रारी'[मिनिटं])
)

डेटा टाइपही बघून घ्या. एकीकडे आयडी नंबर आणि दुसरीकडे टेक्स्ट असेल तर युनियन स्वतःच एका टाइपमध्ये बदलून घेतं, आणि मग नंबरातला १२३ आणि टेक्स्टमधला ००१२३ हे दोन वेगळे ग्राहक होऊन बसतात. आणि युनियन डुप्लिकेट ओळी काढत नाही, जशा आहेत तशा ठेवतं, काढायच्या असतील तर बाहेरून डिस्टिंक्ट लावायचं.

हे सगळं करताना क्वेरी चालवून रिझल्ट डोळ्यांनी बघणं फार गरजेचं आहे. पॉवर बीआय डेस्कटॉपमध्ये आता डॅक्स क्वेरी व्ह्यू आहे, नाहीतर डॅक्स स्टुडिओ हे फुकट टूल आहे, दोन्हीत इव्हॅल्युएट लिहून टेबल बघता येतं. मेजरमध्ये आंधळेपणाने व्हेरिएबलं रचत जाऊ नका.

लिनिएज, म्हणजे सगळ्या गोंधळाचं मूळ

मॉडेलमधल्या प्रत्येक कॉलमला एक ओळख असते, की मी अमुक टेबलातला अमुक कॉलम. याला लिनिएज म्हणतात. रिलेशनशिप, फिल्टर, कॅल्क्युलेट (फिल्टर लावून गणित करणारं फंक्शन), सगळं या ओळखीवर चालतं. आता युनियनमध्ये 'फोन तक्रारी'[विभाग] आणि 'ईमेल तक्रारी'[विभाग] एकाखाली एक आले. आपल्यासाठी दोन्ही विभागच, पण डॅक्ससाठी हे दोन वेगळ्या घरांतले कॉलम आहेत, मग एकत्र झालेल्या कॉलमला कुठल्या घरचं म्हणायचं? कुठल्याच नाही. ओळख पुसली जाते, राहतात नुसत्या किमती. तेच जर दोन्ही बाजूंना त्या जागेवर 'विभाग यादी'[विभाग] हाच मॉडेलमधला एक कॉलम असेल तर मात्र ओळख टिकते.

आता सुरुवातीला म्हटलेला तो आकडा आठवा, प्रत्येक ओळीत तोच येणारा. लोक जोडलेल्या टेबलावर समराइझ लावून विभागांची यादी काढतात, त्यावर ॲडकॉलम्स (नवा कॉलम जोडणारं फंक्शन) लावतात आणि आत कॅल्क्युलेट(सम('फोन तक्रारी'[मिनिटं])) लिहितात. कॅल्क्युलेट त्या ओळीतला विभाग घेऊन फिल्टर करायला जातं, पण त्या विभागाला ओळखच नाही, त्यामुळे मॉडेलमध्ये काहीच फिल्टर होत नाही आणि प्रत्येक ओळीत पूर्ण टेबलाची बेरीज येते. म्हणजे सगळ्या ओळींत सेम आकडा दिसला की पहिला संशय लिनिएजवर घ्यायचा, दहातल्या नऊ वेळा तेच निघतं असा माझा अनुभव आहे.

आणि साधं सम का चालत नाही, तर सम हे मॉडेलमधल्या खऱ्या टेबलाचा कॉलम मागतं. व्हेरिएबलमधलं टेबल हे चालता चालता बनवलेलं, त्याच्या कॉलमला सम हात लावत नाही. तिथे समएक्स लागतं, जे कुठलंही टेबल घेऊन ओळीओळीने फिरतं.

ग्रुपबाय आणि करंटग्रुप

याच कामासाठी ग्रुपबाय आहे. वरचं युनियन आपण जोडलेलं या व्हेरिएबलमध्ये ठेवलंय असं समजा, मग:

ग्रुपबाय(
  जोडलेलं,
  [विभाग],
  "एकूण मिनिटं", समएक्स(करंटग्रुप(), [मिनिटं]),
  "एकूण तक्रारी", समएक्स(करंटग्रुप(), 1),
  "सगळ्यात जास्त", मॅक्सएक्स(करंटग्रुप(), [मिनिटं])
)

करंटग्रुप म्हणजे "आत्ता ज्या विभागाची पाळी आहे त्या विभागाच्या सगळ्या ओळी". कंसात काही द्यायचं नाही, मोकळाच ठेवायचा. ग्रुपबाय एकेका विभागावर थांबतं, त्याच्या ओळी करंटग्रुपमध्ये देतं आणि आपण त्यावर समएक्ससारखं एक्सवालं फंक्शन फिरवतो. लिनिएज असो नसो, याला फरक पडत नाही, कारण ते मॉडेलकडे परत जातच नाही, हातातल्या टेबलावरच काम करतं. म्हणूनच जोडलेल्या टेबलासाठी हे बरोबर बसतं.

याचे नियम कडक आहेत आणि एरर मेसेज फारसे मदत करत नाहीत म्हणून ते नीट सांगतो. आत कॅल्क्युलेट चालत नाही, आणि मेजर म्हणजे आतून कॅल्क्युलेटच असल्यामुळे मेजरही चालत नाही. करंटग्रुप फक्त एक्सवाल्या फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट म्हणून येऊ शकतं, म्हणजे ओळी मोजणारं काउंटरोज(करंटग्रुप()) लिहिलं तर एरर, म्हणूनच वर ओळी मोजायला समएक्समध्ये 1 दिलाय. समएक्सच्या बाहेर राउंडसारखं काही लावलं तर चालतं, पण एका समएक्सच्या आत दुसरं समएक्स घालून त्यात करंटग्रुप असं चालत नाही. जे काही गुंतागुंतीचं गणित असेल ते ग्रुपबायच्या आधी कॉलम म्हणून करून घ्या किंवा नंतर ॲडकॉलम्सने करा, ग्रुपबायच्या पोटात फक्त बेरीज, मोजणी, मॅक्स, मिन एवढंच ठेवा.

आधी बारीक करा, मग जोडा

आता या सगळ्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वरची क्वेरी बरोबर आहे पण टेबलं मोठी असली की ती रडते. कारण असं की डॅक्सच्या मागे दोन इंजिनं असतात, स्टोरेज इंजिन, जे कॉम्प्रेस केलेल्या डेटावर प्रचंड वेगाने बेरजा करतं, आणि फॉर्म्युला इंजिन, जे बाकी डोकं चालवतं पण एका थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकच काम. युनियन आणि ग्रुपबाय दोन्ही फॉर्म्युला इंजिनात चालतात, म्हणजे दोन्ही टेबलांच्या सगळ्याच्या सगळ्या ओळी आधी मेमरीत उलगडून ठेवाव्या लागतात. लाखो ओळी असतील तर तुम्ही बसून वाट बघाल.

त्यावर उपाय हा की प्रत्येक टेबलाची महिना आणि विभागानुसार बेरीज समराइझकॉलम्सने आधीच करून घ्यायची, ते काम स्टोरेज इंजिन झटक्यात करतं, मग उरलेल्या थोड्याशा ओळींचं युनियन करायचं, आणि त्या बेरजांची परत बेरीज ग्रुपबायने.

इव्हॅल्युएट
व्हार फोनबेरीज =
  समराइझकॉलम्स(
    'कॅलेंडर'[वर्ष महिना], 'विभाग यादी'[विभाग],
    "मिनिटं", सम('फोन तक्रारी'[मिनिटं]),
    "संख्या", काउंटरोज('फोन तक्रारी'))
व्हार ईमेलबेरीज =
  समराइझकॉलम्स(
    'कॅलेंडर'[वर्ष महिना], 'विभाग यादी'[विभाग],
    "मिनिटं", सम('ईमेल तक्रारी'[मिनिटं]),
    "संख्या", काउंटरोज('ईमेल तक्रारी'))
व्हार एकत्र =
  ग्रुपबाय(
    युनियन(फोनबेरीज, ईमेलबेरीज),
    'कॅलेंडर'[वर्ष महिना], 'विभाग यादी'[विभाग],
    "एकूण मिनिटं", समएक्स(करंटग्रुप(), [मिनिटं]),
    "एकूण तक्रारी", समएक्स(करंटग्रुप(), [संख्या]))
रिटर्न
  ॲडकॉलम्स(एकत्र,
    "सरासरी", डिव्हाइड([एकूण मिनिटं], [एकूण तक्रारी]))
ऑर्डर बाय 'कॅलेंडर'[वर्ष महिना]

इथे महिना आणि विभाग दोन्ही बाजूंना डायमेन्शन टेबलातूनच आलेत, त्यामुळे युनियननंतरही त्यांची ओळख टिकली, म्हणून ग्रुपबायमध्ये त्यांना टेबलाच्या नावासकट लिहिलंय. नुसतं महिन्याचं नाव न घेता वर्ष महिना घेतलंय, नाहीतर दोन वर्षांचे जानेवारी एकाच ग्रुपमध्ये जातात. आणि तो कॉलम असा ठेवा की क्रमाने लावला तर बरोबर लागेल, म्हणजे २०२४०१ सारखा आकडा किंवा महिन्याची पहिली तारीख, कारण मॉडेलमध्ये लावलेलं सॉर्ट बाय कॉलम क्वेरीच्या ऑर्डर बायला लागू होत नाही.

फोन की ईमेल हे सांगणारा कॉलम हवा असेल तर तो समराइझकॉलम्सच्या आत लिहू नका. समराइझकॉलम्स ज्या ओळीत सगळ्या किमती ब्लँक आहेत ती ओळ गाळतं, पण आत "फोन" असा ठरलेला शब्द दिला की कुठलीच ओळ पूर्ण ब्लँक राहत नाही आणि प्रत्येक महिना गुणिले प्रत्येक विभाग अशा सगळ्या ओळी येऊन पडतात. बाहेरून ॲडकॉलम्स(समराइझकॉलम्स(...), "स्रोत", "फोन") असं लावा.

मेजरमध्ये हेच करायचं असेल तर मी समराइझकॉलम्सऐवजी समराइझने फक्त ग्रुप काढतो आणि बेरजा ॲडकॉलम्समध्ये कॅल्क्युलेट(सम(...)) लिहून करतो. समराइझच्या आतच बेरजेचे कॉलम घालता येतात हे खरं, पण ते स्लो पडतं आणि कधी कधी अनपेक्षित आकडे देतं म्हणून ते टाळा. शेवटी मेजरमधून टेबल बाहेर येत नाही, एकच किंमत यायला हवी, म्हणून रिटर्नमध्ये मॅक्सएक्स(एकत्र, [एकूण मिनिटं]) असं काहीतरी लागेल.

काय परत बेरीज करता येतं आणि काय नाही

आधी बारीक करायची पद्धत बेरीज, मोजणी, मॅक्स, मिन यांना चालते. सरासरीला चालत नाही, आणि इथे मी स्वतः चुकीचा रिपोर्ट पाठवून बसलो होतो म्हणून आकड्यांनी दाखवतो. समजा फोनच्या ९० तक्रारी, मिळून ९०० मिनिटं, सरासरी १०. ईमेलच्या १० तक्रारी, मिळून ४०० मिनिटं, सरासरी ४०. दोन सरासऱ्यांची सरासरी काढली तर येते २५. खरी सरासरी म्हणजे १३०० मिनिटं भागिले १०० तक्रारी, १३. जवळपास दुप्पट चूक, आणि बघणाऱ्याला २५ हा आकडा अजिबात विचित्र वाटत नाही, हेच त्यातलं धोक्याचं. म्हणून सरासरी कधीच सोबत न्यायची नाही, बेरीज आणि संख्या हे दोन कॉलम न्यायचे आणि भागाकार सगळ्यात शेवटी, वरच्या क्वेरीत केलाय तसा. टक्केवारी, रेशो, सगळ्याला हाच नियम. मीडियनला (क्रमाने लावल्यावर मधली येणारी किंमत) तर हा उपायही नाही, तिला मूळ ओळीच लागतात.

वेगवेगळे ग्राहक मोजणं ही दुसरी केस. फोनचे ७० आणि ईमेलचे ५० म्हणजे १२० नाही, दोन्हीकडे असलेले दोनदा मोजले जातात. इथे बारीक करायचं पण ग्राहकाच्या पातळीपर्यंतच:

इव्हॅल्युएट
व्हार जोड्या =
  डिस्टिंक्ट(
    युनियन(
      समराइझ('फोन तक्रारी', 'कॅलेंडर'[वर्ष महिना], 'फोन तक्रारी'[ग्राहक आयडी]),
      समराइझ('ईमेल तक्रारी', 'कॅलेंडर'[वर्ष महिना], 'ईमेल तक्रारी'[ग्राहक आयडी])))
रिटर्न
  ग्रुपबाय(जोड्या,
    'कॅलेंडर'[वर्ष महिना],
    "ग्राहक", समएक्स(करंटग्रुप(), 1))

प्रत्येक महिना आणि ग्राहकाची जोडी एकदाच उरते, मग महिन्यानुसार ओळी मोजल्या की झालं. फक्त या आकड्यांची वर्षाची बेरीज करू नका, तोच ग्राहक तीन महिन्यांत आला तर तीनदा मोजला जाईल. वर्षाचा आकडा हवा असेल तर महिन्याच्या जागी वर्ष घालून क्वेरी परत चालवा.

आकडे तपासताना

ग्रुपबायचा रिझल्ट आला की त्यातल्या एकूण मिनिटांची पूर्ण बेरीज करा आणि दोन मूळ टेबलांच्या साध्या समच्या बेरजेशी जुळवा. एक मिनिटाचाही फरक असेल तर थांबा. फरक नसेल पण एखाद्या ग्रुपचं नावच ब्लँक दिसत असेल, तर तक्रारीच्या टेबलात असा विभाग किंवा अशी तारीख आहे जी डायमेन्शन टेबलात नाहीये. ती ओळ फिल्टरने लपवून टाकायचा मोह होतो, तसं करू नका, डायमेन्शन टेबल दुरुस्त करा, कारण ते आकडे खरे आहेत, फक्त त्यांना घर मिळालेलं नाही.

आणि हे जोडलेलं टेबल तुम्हाला पाच-सहा मेजरमध्ये परत परत लागतंय असं दिसलं तर डॅक्समध्ये ते करणं बंद करा आणि पॉवर क्वेरीत (लोड करण्याआधी डेटा तयार करायची जागा) जाऊन दोन्ही टेबलं अपेंड करा, म्हणजे एकाखाली एक जोडा. तिथे स्रोत नावाचा कॉलम टाका, एकच तक्रारींचं टेबल लोड करा, ते कॅलेंडर आणि विभाग यादीला जोडा, मग साधं सम आणि डिस्टिंक्टकाउंट चालतं आणि लिनिएजचा प्रश्नच उरत नाही. फक्त लक्षात घ्या की पॉवर क्वेरीचं अपेंड युनियनच्या बरोबर उलटं वागतं, ते कॉलम नावाने जुळवतं, क्रमाने नाही. एका टेबलात "विभाग" आणि दुसऱ्यात शेवटी स्पेस राहिलेलं "विभाग " असेल तर दोन वेगळे कॉलम तयार होतात आणि दोन्ही अर्धे रिकामे, तेव्हा अपेंड करायच्या आधी दोन्हींची हेडिंगं एकसारखी करून घ्या.